थोरलीच्या गावाचं पान

त्या वर्षी उन्हाळा असा काही मुक्कामाला आला की त्याला जा म्हणायची कुणाची हिंमत होईना. ओढे वाळले, झाडांच्या सावल्या विरळ झाल्या, विहिरींचे तळ उघडे पडले. असे दिवस म्हणजे विहीर उपसणाऱ्यांची सुगी. घरातल्या माणसाला पाठ टेकायला फुरसत मिळू नये, असे दिवस. पण या घरी कप्पी खुंटीला टांगलेली, दोर कोपऱ्यात वेटोळं घालून निजलेला, आणि चार माणसं ओसरीवर एकमेकांची तोंडं बघत बसलेली.

कामं सगळी क्रेनवाल्याकडं जात होती. त्याच्या गाडीला लोखंडी हात होता, पण त्या हाताचं एवढं नव्हतं. फोनवर विहीर म्हणून काहीही शोधलं की पहिला तोच दिसायचा. दुसराही तोच, तिसराही तोच.

"आपण कुठं दिसतो?" आबांनी सुनेला विचारलं.

"आपण दिसतच नाही, आबा."

"मेलो म्हण की."

आबा म्हणजे सासरे. विहिरीच्या काठावर दोर धरण्यात जन्म गेला. तळहात असे झाले होते की निखारा उचलला तरी कळू नये. त्यांचा मुलगा खाली उतरायचा. अंगानं काळा, सडपातळ, पाण्यात शिरला की लवकर वर न येणारा. म्हणून सगळे त्याला पाणकावळा म्हणत. आई बोलवायची तीही त्याच नावानं, आणि लग्न होऊन आलेल्या सुनेला नवऱ्याचं खरं नाव लग्नाच्या कागदावरच तेवढं भेटलं होतं.

एक दिवस मुकादम दारात येऊन गेला. शहरात जमिनीखालच्या गटारांच्या टाक्या साफ करायला त्याला माणसं हवी होती. चुलत दीर मागं एकदा त्याच्याबरोबर गेला होता, तो चादरीत गुंडाळून परत आला.

"विहीर काय नि टाकी काय," पाणकावळा म्हणाला, "उतरायचंच ना?"

"विहिरीला वर आभाळ असतं," ती म्हणाली.

तो हसला. मग हसू पुसून म्हणाला, "पाऊस पडेपर्यंत थांबतो. तोवर कामं आली तर तुझं खरं. नाही तर मुकादमाच्या गाडीत बसतो. चौघांनी काय कप्पी खायची?"

माहेराहून आणलेल्या ट्रंकेतून तिनं जुना लॅपटॉप बाहेर काढला, पदरानं पुसला आणि चुलीपासून लांब, खिडकीच्या उजेडात मांडला. लग्नाआधी ती एका दुकानात कामाला होती. धंद्यांच्या वेबसाइट करून द्यायचं दुकान. ती विद्या माप ओलांडताना उंबऱ्याबाहेर राहिली असं तिला वाटलं होतं. बोटांना सगळं आठवत होतं.

"आई," तिनं सासूला विचारलं, "विहीर बिघडली की माणूस काय म्हणतो?"

"शिव्या देतो."

"त्यानंतर?"

"त्यानंतर म्हणतो, पाणी गढूळ येतंय. वास मारतोय. बादली टाकली की खाली टेकतीय."

"बस्स, हेच हवं होतं," म्हणून तिनं तेच शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. माणूस अडला की जे बोलतो तेच फोनवर लिहितो, आणि तो लिहील तेच आपल्या पानावर असलं तर यंत्र दोघांची गाठ घालून देतं. एवढंच त्या विद्येचं मर्म. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत तिनं लिहिलं, 'विहिरीला पाणी गढूळ येतंय? गाळ काढून देतो.' फोटो तिनं लहान केले, म्हणजे दुबळ्या फोनवरही पान पटकन उघडावं. फोटोखाली फोटोत काय आहे ते लिहिलं.

"दिसतंय की फोटोत, लिहायचं कशाला?" पाणकावळ्यानं डोकावून विचारलं.

"यंत्राला चित्र दिसत नाही. सांगावं लागतं."

"आंधळंच म्हणायचं."

"आंधळंच. पण वाचतं फार."

"आणि हे माझं थोबाड? खाली काय लिहिलंस? 'पाण्यातून निघालेला कावळा'?"

"'विहिरीतून वर येणारा माणूस' असं लिहिलंय. लांब व्हा, पाणी सांडतंय तुमच्या डोक्याचं."

तो मुद्दाम डोकं झटकायचा. ती ओरडायची. सासू चुलीपुढून हसायची. कामं नव्हती, पण त्या दिवसांत घरात हसू होतं.

मग आली गावांची पानं. दुकानात शिकवलं होतं, की गावागावाचं वेगळं पान करायचं; अमक्या गावात विहीर साफ करून मिळेल, तमक्या गावात मिळेल. त्या गावच्या माणसानं शोधलं की आपण वर. मजकूर सगळीकडं एकच, फक्त गावाचं नाव बदलायचं. तिनं आबांना विचारलं, "आपण कुठकुठल्या गावांत कामं केलीत?"

आबांना गावं नुसती सांगता येईनात. विहिरीवाल्यांची चाल अशी, की जुन्या लोकांनी वाटेवरची गावं गाण्यात ओवून ठेवलेली. गावाला नाव गावाचं नाही, विहिरीचं. दोर ओढताना म्हणायचं गाणं. आबांनी डोळे मिटले, हात हवेत एकामागून एक ओढत राहिले आणि गाणं आपोआप वर आलं.

गोडीच्या गावाला, कळशी भरून
खारीच्या गावाला, पाऊल चोरून
आडवीचं पाणी, वाटेच्या काठानं
तहानलं पाखरू, उतरं पाटानं
थोरलीच्या गावाला, दोर लांब घ्यावा
सांज व्हायच्या आत, माघारा फिरावा

प्रत्येक ओळीला ती थांबवून विचारी, "गोडी म्हणजे कुठलं गाव?" आणि आबा मिटल्या डोळ्यांनीच कागदावरचं नाव सांगत. थोरलीचंही त्यांनी त्याच दमात सांगितलं. तिनं सगळी पानं केली आणि वेबसाइट जगासमोर उघडी केली.

दुसऱ्या दिवशी सासूला पानं वाचून दाखवताना थोरलीच्या गावाशी सासूचा हात मध्येच थांबला.

"अगं, हे गाव कशाला घातलंस?"

"आबांनी सांगितलं."

"ते पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा बुडालं. मी सून होऊन आले त्याच्याही आधी."

आबा ओशाळले. "गाण्यात आहे म्हणून तोंडात आलं."

ती पान काढून टाकायला निघाली तर पाणकावळा म्हणाला, "राहू दे गं. मासे फोन करतील. तेवढंच एखादं गिऱ्हाईक."

सगळे हसले. पान राहिलं.

*

दिवस गेले. ती रोज सकाळी, पाणी भरून झालं की लॅपटॉप उघडून बघायची: कोण आलं, काय शोधत आलं, कुठलं पान उघडलं. गोडीच्या पानावर कुणी नाही. खारीच्या पानावर कुणी नाही. क्रेनवाल्याची पानं सगळ्यांच्या छातीवर बसली होती. मुकादमाचा निरोप आला, पावसाची वाट बघणार नाही, गाडी आठवड्यात निघेल. पाणकावळ्यानं पिशवीत दोन सदरे घातले. ती पिशवी खुंटीवर कप्पीशेजारी लटकली, आणि येता-जाता सुनेचे डोळे तिलाच अडकू लागले.

आणि मग एका पानावर माणसं येऊ लागली. थोरलीच्या गावाच्या.

तिला आधी नवल वाटलं नाही. त्या गावाचं नाव घालून शोधलं तर पहिलं पान आपलंच येणार. दुसऱ्या कुणी त्या गावासाठी पान केलेलंच नाही. स्पर्धा नाही. पण शोधतंय कोण? उठून गेलेल्या लोकांची नातवंडं असतील. ती माणसं कुठून पान बघतात ते दाखवणारा नकाशा तिनं उघडला. ठिपके सगळे एका जागी होते, दाटीवाटीनं. नकाशावर ती जागा निळी होती. चारी बाजूंनी निळी.

'मशिनची चूक,' ती स्वतःशी म्हणाली. दुकानातही कधी असं व्हायचं. तिनं झाकण मिटलं आणि भांडी घासायला बसली, तोच फोन वाजला.

"विहिरीचं काम करता ना तुम्ही?" बाईचा आवाज. शांत, घरंदाज. पण असा, की जणू घागरीत तोंड घालून कुणी बोलतंय.

"हो. बोला ना, बाई."

"गाळ फार साठलाय. पाणी गढूळ येतंय. बादली खाली टेकतीय."

तिच्याच पानावरचे शब्द. सुनेला बरं वाटलं. "कुठलं गाव?"

बाईनं गाव सांगितलं.

राखेनं माखलेला हात सुनेनं नकळत पदराला पुसला. "म्हणजे नव्या वसाहतीतून का?"

"नाही हो. गावातूनच. पाणी ओसरलंय आता, थोरलीचा काठ दिसायला लागला. तुमच्या पानावर लिहिलंय की, तुम्ही आमच्या गावी येता म्हणून. दुसऱ्या कुणीच लिहिलेलं नाही." बाईच्या मागं कुठं तरी लहान मुलं खेळत होती, कुत्रं भुंकत होतं, आणि त्या सगळ्या आवाजांना ओल होती. "कधी येताय? पाऊस यायच्या आत या."

घरात तिनं सांगितलं तेव्हा पाणकावळा मोठ्यानं हसला. "बघा! म्हटलं नव्हतं, मासे फोन करतील?" पण त्याच्या हसण्याला कुणी साथ दिली नाही. आबा उठले, खुंटीवरची कप्पी काढली आणि तिला तेल देत बसले.

"आबा, जायचं नाही," सून म्हणाली. "मी पान काढून टाकते."

"येतो म्हणून लिहिलंयस ना?"

"नुसतं नाव बदलून लिहिलं, आबा. सगळ्यांचं एकच आहे."

"वाचणाऱ्याला ते ठाऊक नाही." कप्पी फिरवून त्यांनी कान लावला. कुरकुर गेली होती. "पाण्यासाठी बोलावलं तर विहिरीवाला नाही म्हणत नाही. आणि काम आलंय, पोरी. पहिलं काम. त्या पिशवीकडं बघ एकदा."

ती बघत होतीच.

*

धरणाचं तळं आटून मध्ये थाळीएवढं उरलं होतं. त्याच्या अलीकडं गाव वर आलं होतं. भिंती कंबरेइतक्या, उंबरे शाबूत, रस्त्याचे दगड भेगाळल्या चिखलातून पाठीच्या मणक्यांसारखे निघालेले. झाडांचे वाळलेले बुंधे जिथल्या तिथं. ऊन रणरणत होतं आणि तरी पायाखालून गारवा चढत होता. सासूला घरी ठेवून तिघं आले होते. गावात चिटपाखरू नव्हतं.

"बाई!" सुनेनं हाक मारली. "विहिरीवाले आलोत."

कुणी ओ दिली नाही. पण थोरलीचं आवार झाडलेलं होतं. ताज्या झाडूच्या रेघा चिखलावर उमटलेल्या, विहिरीभोवती गोल. त्या रेघांवर पाऊल मात्र एकही नाही. काठाच्या दगडाला दोराचे खोल चर होते आणि ते चर ओले होते.

"स्वच्छतेची आवड दिसतीय माशांना," पाणकावळा म्हणाला. आवाज जरा दबलेला. त्यानं सदरा काढून बायकोच्या हातात दिला. "बघत बसू नकोस तोंडाकडं. आत्ता येतो."

तीन वाशांचं तिकाटणं काठावर उभं राहिलं, त्यावर कप्पी चढली. दिवा आधी खाली सोडून आबांनी हवा बघितली. ज्योत सरळ जळत राहिली. मग तो दोराला धरून, पायानं भिंत चाचपत, काळ्या वाटोळ्यात उतरत गेला. दोर संपता संपता आबांचं गाणं थोरलीच्या ओळीपाशी आलं आणि त्यांनी ते तिथंच गिळलं.

गाळ यायला लागला. घमेल्यामागून घमेलं. काळा, मऊ, लोण्यासारखा. सून ओढत होती, ओतत होती. खांदे भरून आले, तळहात सोलले. गाळात वस्तू यायच्या. बांगडीचा तुकडा. लाकडी खेळण्याचं चाक. विळ्याची मूठ. तिनं त्या धुऊन काठावर मांडल्या, कुणाच्या तरी आहेत म्हणून. सूर्य कलला. खालून दोराला झटका आला, वर घ्या म्हणून. दोघांनी ओढलं. तो आला, काठावर हात टेकून बसला, अंगावरून पाणी निथळत होतं.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं," तो म्हणाला, आणि आभाळाकडं बघत राहिला. असा, की नजर हटेना.

उन्हं उतरायच्या आत ते निघाले. जाताना तिनं मागं वळून बघितलं. काठावर मांडलेल्या वस्तू नव्हत्या.

*

त्यानंतर फोन थांबेचना. गोडीच्या गावाहून आला, खारीच्या गावाहून आला, आडवीहून आला. पहिलं काम झालं की यंत्राचाही विश्वास बसतो म्हणतात. सगळी पानं हळूहळू वर सरकली, क्रेनवाला खाली गेला. मुकादम गाडी घेऊन आला तेव्हा पाणकावळा दारात उभा राहून म्हणाला, "मी येत नाही." मुकादमानं शिवी घातली आणि गेला. पिशवी खुंटीवरून उतरली. सुनेला वाटलं, आपण जिंकलो. दोन रात्री ती गाढ झोपली.

मग ओल जाणवायला लागली.

त्याच्या बाजूची चादर रोज सकाळी दमट. दोरीवर वाळत घातलेला त्याचा सदरा, असल्या उन्हात, संध्याकाळपर्यंत ठिबकत असायचा. विहिरीत तो उतरायचा, काम चोख करायचा, पण वर आला की आधी आभाळ बघायचा. बाहेरून आला की उंबऱ्याशी थांबायचा. कुणी या म्हटल्यावरच आत यायचा. तिच्यावर पाणी झटकत नव्हता. लॅपटॉपशी ती बसली की लांबूनच बघायचा आणि विचारायचा, "कुणी काहीही शोधलं तरी सापडतं का हो यात?"

बायकोला तो 'गं' सोडून 'हो' म्हणाला.

एकदा दोर वळता वळता तो आबांचं गाणं गुणगुणत होता. थोरलीच्या ओळीनंतर तो थांबला नाही. पुढं आणखी ओळी होत्या, पुढं आणखी गावं होती, एकामागून एक, आबांनाही ठाऊक नसलेली. आबा ऐकत राहिले. मग उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

ढग जमायला लागले त्या सकाळी तिनं लॅपटॉप उघडला. वेबसाइटवर एक अभिप्राय आला होता. पाच चांदण्या. नाव नव्हतं, गाव तेवढं होतं.

'काम चोख झालं. विहीर आरशासारखी निघाली. वस्तू जपून ठेवल्यात त्याबद्दल उपकार. पण तुमचा माणूस खालीच राहिलाय. वाट बघतोय. पाऊस यायच्या आत न्या.'

तिनं ते परत वाचलं. डोळे वर करून बघायचं धाडस होईना. बघितलं. तो अंगणात खाली बसून, तोंड वर करून, ढगांकडं बघत होता, आणि त्याच्याभोवती जमीन ओली होती.

सासूला तिनं वाचून दाखवलं. सासूनं कालवण ढवळायचं थांबवलं नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"आई!"

"रोज ताट वाढते. तो ताटाकडं बघून हसतो आणि म्हणतो, छान झालंय. माझा पोरगा ताटाकडं बघून कधी हसला? तुटून पडायचा मेला. नंतर म्हणायचा, मीठ कमी होतं." पळी तिच्या हातातून निसटली. पदर तोंडाला लावून ती खाली बसली. "वाटायचं, बोलले तर हाही जाईल. घर भरलेलं दिसतंय, दिसू दे. पण त्याला तिथं अंधारात गार वाजत असेल गं. जा. आण माझ्याला."

सून अंगणात गेली. त्याच्यासमोर बसल्यावर भीतीपेक्षा वेगळंच काही आलं. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं, रडण्याचं नव्हे, नुसतं पाणी.

"तुम्ही कोण?"

त्यानं लपवाछपवी केली नाही. "थोरलीवरचाच. मीही दोरच ओढायचो. दोर खाली आला. किती काळानं आला. धरला."

"आमच्या माणसाला तिथं टाकून?"

"तो गाळ काढत होता. त्याला कळलंही नसेल. खाली दुपार लवकर सरत नाही." त्यानं तळहात उन्हात उघडा धरला. "कोरडं कसं असतं ते विसरलो होतो. वाटलं, वाळेन. नाही वाळलो."

तिला त्याच्यावर चिडायचं होतं. जमेना. ती म्हणाली, "चला. आभाळ आलंय."

"मीही येतो ओढायला. तुम्हा दोघांना झेपायची नाही. खोल आहे ती." उठता उठता तो थांबला. "ते पान काढू नका. आमच्या गावाचं. दुसरं कुठंच नाव निघत नाही हो आमचं. शोधलं तर काही तरी दिसू दे."

तिनं मान हलवली. आत जाऊन अभिप्रायाखाली उत्तर लिहिलं, 'निघालोच,' आणि आबांच्या हातातला दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला.

*

तळ्याच्या काठाला वारा सुटला होता. थाळीएवढं पाणी हलू लागलं होतं, वरच्या ओढ्यांना कुठं तरी पाऊस लागला असावा; गावाच्या खालच्या गल्लीत चिखल चमकत होता. उंबरे एकेक करून ओले होत होते. तिघांनी तिकाटणं उभं केलं. कप्पी चढवली. दोर सोडला.

सोडला, आणखी सोडला. मागच्या खेपेला पुरला होता तो दोर या खेपेला जातच राहिला. आबांचे ओठ पुटपुटत होते. सून काठावर पालथी पडली आणि तिनं अंधारात हाक मारली. नावानं. लग्नाच्या कागदावर भेटलेल्या त्या नावानं, जे तिनं आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं.

दोराला झटका आला.

"ओढा!" आबा ओरडले.

पुढं आबा, मध्ये ती, मागं तो. दोर दगडाच्या चरात बसून करकरत होता. पहिले चार हात दोर सहज वर आला, मग वजन लागलं. असं वजन, की एका माणसाचं नव्हे, साऱ्या पाण्याचं. आबांचे पाय चिखलात सरकले. तिचे सोललेले तळहात पेटले. आणि तिच्या मागून, कानाशी, गाणं सुरू झालं. हळू, ठाम, हाताच्या लयीत. प्रत्येक ओळीला एक हात. थोरलीपाशी ते आलं, थोरली ओलांडून पुढं गेलं, अशा गावांतून ज्यांची नावं कुठल्याच पानावर नव्हती, आणि प्रत्येक गावासरशी दोर वर येत गेला. मागच्या हातांची ओढ तिच्या पाठीला जाणवत होती. तीन बैलांची ओढ. तिनं मागं बघितलं नाही. पावसाचा पहिला टपोरा थेंब तिच्या मानेवर पडला, की ते त्याच्या केसांतलं पाणी होतं, तिला कळलं नाही.

काठावर एक हात आला. मग दुसरा. मग काळं, गाळानं माखलेलं, जिवंत तोंड, डोळे मिचकावत.

"काय हे," पाणकावळा धापा टाकत म्हणाला. "आत्ता कुठं तळ लागत होता, तर झटके काय देता? आणि नावानं कोण ओरडलं? मला वाटलं पोलीस आले."

तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. तो गार होता. मग तिच्या तळहातांखाली हळूहळू गरम होत गेला. त्यानं कुत्र्यासारखं डोकं झटकलं, आणि गाळ तिच्या तोंडावर, पदरावर, आबांच्या धोतरावर उडाला. ती ओरडली नाही.

"भूक लागलीय," तो म्हणाला. मग त्याला आभाळ दिसलं, ढग दिसले, खालच्या गल्लीत शिरलेलं पाणी दिसलं. त्यानं काठाभोवती पाहिलं, दोराकडं पाहिलं. "दोघांनीच ओढलंत मला?"

आबांनी मागं बघितलं. दोराचं मागचं टोक चिखलात पडलं होतं, भिजलेलं, आणि पुन्हा उमटलेल्या झाडूच्या रेघांवर फक्त दोघांची पावलं होती.

"दोर गुंडाळ," आबा म्हणाले. "पाणी चढतंय. गावकऱ्यांना घरात जाऊ दे."